दर आठवड्याला एक सामना
भारतातल्या मुलींच्या आणि महिलांच्या फुटबॉल स्पर्धांची पन्नास वर्षं

महिला फुटबॉलच्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत विजेत्या राज्याला जो करंडक मिळतो, त्याला राजमाता जिजाबाईंचं नाव आहे. पुरुषांसाठी संतोष करंडक, तसा महिलांसाठी हा. मणिपूरने तो वीसहून अधिक वेळा जिंकलाय. बंगाल, ओडिशा, रेल्वे आणि तमिळनाडू यांनीही त्यावर नाव कोरलंय. जिजाऊंच्या महाराष्ट्राला मात्र तो एकदाही जिंकता आलेला नाही.

डोंगरांच्या कुशीतलं छोटंसं मणिपूर सतत जिंकतं आणि मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर अशी फुटबॉलवेडी शहरं असलेला महाराष्ट्र मागे राहतो, हे का? गुणवत्ता, आहार, पैसा, समाजाची मानसिकता अशी उत्तरं नेहमी दिली जातात आणि त्या प्रत्येकात तथ्य आहे. पण या खेळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीकडे पाहिलं की एक कारण बाकी सगळ्यांच्या आधी समोर येतं. मुलीला वर्षभरात खरेखुरे, निकाल लागणारे सामने किती खेळायला मिळतात? जिथे ते मिळाले तिथे खेळ वाढला आणि जिथे थांबले तिथे चांगला बहरलेला खेळही सुकला.

सुरुवातीची झेप

१९७५ साली भारतीय महिला फुटबॉल महासंघ स्थापन झाला. पुरुषांच्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या अखिल भारतीय महासंघाशी त्याचा संबंध नव्हता. सरकारी पाठबळ तुटपुंजं होतं, पण काही हौशी संघटकांनी राज्याराज्यांतून संघ उभे केले आणि राष्ट्रीय स्पर्धा सुरू केल्या. ईस्ट बंगाल क्लबचे पहिले प्रशिक्षक सुशील भट्टाचार्य यांनीच महिलांच्या पहिल्या राष्ट्रीय संघाला शिकवलं. बंगालच्या शांती मल्लिक आणि कुंतला घोष दस्तिदार, गोव्याच्या योलांडा डिसूझा या त्या पिढीतल्या खेळाडू.

त्यांनी जे करून दाखवलं ते आज वाचताना खरं वाटत नाही. १९८० च्या जानेवारीत कोळिकोडला आशियाई महिला स्पर्धा झाली. यजमान भारताने तीत दोन संघ उतरवले आणि त्यांपैकी एक अंतिम फेरीत जाऊन उपविजेता ठरला. पुढच्या हाँगकाँगच्या स्पर्धेत भारत तिसरा आला, तर १९८३ मध्ये थायलंडमध्ये पुन्हा उपविजेता. त्याच वर्षी शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू.

मग घसरण का झाली? चीन, जपान, कोरिया यांनी महिला फुटबॉल गांभीर्याने घेतलं, शाळा आणि क्लबांतून स्पर्धांची घडी बसवली. आपल्याकडे १९९० च्या सुमारास महिला फुटबॉलचा कारभार अखिल भारतीय महासंघाकडे आला आणि १९९१ पासून त्याने राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. पण बहुतेक राज्यांसाठी वर्षाचा खेळ तेवढ्यावरच संपायचा. निवड चाचणी, पंधरा दिवसांचं शिबिर, दुसऱ्या राज्यात तीन-चार सामने आणि परत घरी. साखळीतच बाद झालेल्या संघातल्या मुलीला पुढचा मोठा सामना वर्षभराने. राष्ट्रीय संघाचीही हीच अवस्था झाली. २००९ मध्ये तर दीर्घकाळ सामने न खेळल्यामुळे फिफाच्या क्रमवारीतून भारताचं नाव गळलं. आशियात दोनदा अंतिम फेरी गाठलेल्या देशावर ही वेळ यावी, याचं आजही वाईट वाटतं.

मणिपूरचं वेगळेपण

या सगळ्या काळात मणिपूरमध्ये खेळ थांबला नाही. तिथे वस्तीवस्तीत क्लब आहेत आणि ते मुलींना दाराबाहेर ठेवत नाहीत. ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन किंवा कांगचुप रोड परिसरातल्या तरुणांनी उभी केलेली क्रिफ्सा ही संस्था अशा मोहल्ल्याच्या मंडळांतूनच मोठी झाली. गावपातळीवर सामने, त्यांना गर्दी आणि चांगल्या खेळाडूला पोलिसांत नोकरी अशी पूर्ण साखळी तिथे तयार झाली. ओइनाम बेंबेम देवी याच वाटेने आल्या. त्यांना २०१७ मध्ये अर्जुन आणि २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यामागून आलेल्या बाला देवीने २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबशी करार केला. युरोपात व्यावसायिक करार मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. शंभर आंतरराष्ट्रीय सामन्यांचा टप्पा गाठणारी पहिली भारतीय महिला आशालता देवी हीसुद्धा मणिपूरचीच.

शाळेचं पटांगण

देशाच्या इतर भागांत या खेळाला नवं बळ मिळालं ते गावांतून. हरियाणात भिवानी जिल्ह्यातलं अलखपुरा हे त्याचं ठळक उदाहरण. तिथल्या सरकारी शाळेत क्रीडाशिक्षक मुलांना कबड्डी शिकवायचे. आम्हालाही काहीतरी खेळायला द्या म्हणून मुली मागे लागल्या, तेव्हा त्यांनी एक फुटबॉल त्यांच्याकडे दिला. काही वर्षांत त्या गावात घराघरांत फुटबॉल खेळणाऱ्या मुली दिसू लागल्या. सुब्रतो मुखर्जी करंडक ही शाळांची सर्वांत मानाची स्पर्धा १९६० पासून चालू असली तरी मुलींना तिचे दरवाजे उघडले ते २०१२ मध्ये. स्पर्धा आली आणि अलखपुरासारख्या शाळांना तयारीसाठी नेमकं लक्ष्य मिळालं.

झारखंडमध्ये रांचीजवळ २००९ मध्ये सुरू झालेल्या 'युवा' संस्थेने बालविवाहाच्या उंबरठ्यावरच्या मुलींना मैदानावर आणलं. आपल्या नागपुरात विजय बारसे यांच्या 'स्लम सॉकर'ने झोपडपट्टीतल्या मुलांबरोबर मुलींनाही संघ दिले. 'झुंड' चित्रपटामुळे त्यांचं काम मराठी घरांत पोचलं.

शेजारच्या बांगलादेशने तर हीच गोष्ट देशपातळीवर केली. २०११ च्या सुमारास तिथल्या सरकारने प्राथमिक शाळांतल्या मुलींची देशव्यापी स्पर्धा सुरू केली. मयमनसिंग जिल्ह्यातल्या कलसिंदूर या एका गावातून राष्ट्रीय संघात अनेक मुली आल्या. २०१० ते २०१९ या काळातल्या पाचही दक्षिण आशियाई स्पर्धा भारताने जिंकल्या होत्या, पण २०२२ आणि २०२४ चं जेतेपद बांगलादेशने नेलं. दहा वर्षांपूर्वी शाळेच्या पटांगणावर पेरलेलं असं उगवलं.

लीगचा हिशेब

आपल्याकडे क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा, म्हणजे इंडियन विमेन्स लीग, २०१६-१७ च्या हंगामात सुरू झाली. अंतिम टप्प्यात सहा संघ होते आणि पुण्याचा एफसी पुणे सिटी हा त्यांपैकी एक. पुरुषांच्या इंडियन सुपर लीगमधल्या क्लबांपैकी महिला संघ उतरवणारा तेव्हाचा तो एकमेव क्लब. हा टप्पा दिल्लीत एकाच ठिकाणी उरकला. अंतिम फेरी गाठलेल्या संघालासुद्धा सातच सामने मिळाले. पुढची काही वर्षं शिलाँग, लुधियाना, बंगळुरू, भुवनेश्वर, अहमदाबाद अशी गावं बदलत गेली, संघही वाढले. २०१९-२० मध्ये कोल्हापूर सिटीचाही संघ होता. पण एका गावात जमायचं, काही आठवडे खेळायचं आणि पांगायचं, ही रीत तीच राहिली. करोनामुळे एक हंगाम रद्द झाला. केरळच्या गोकुलमने या काळात सलग तीन जेतेपदं पटकावली.

खरा बदल २०२३-२४ मध्ये झाला. सात संघ, घरच्या आणि परक्या मैदानावर सामने. प्रत्येक संघाला बारा सामने मिळाले आणि ओडिशा एफसी विजेता ठरला. पुढच्या हंगामात आठ संघ झाले, सामने चौदा. दुसऱ्या श्रेणीची लीग सुरू झाल्याने वर चढण्याची वाटही मोकळी झाली. २०२४-२५ मध्ये ईस्ट बंगालने कल्याणीच्या मैदानावर ओडिशाला १-० असं हरवून जेतेपद मिळवलं. तो गोल तेलंगणातल्या बंजारा समाजातून आलेल्या सौम्या गुगुलोतचा. सात, बारा, चौदा ही चढण आशादायक आहे. पण इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये २०२४-२५ मध्ये प्रत्येक संघ बावीस सामने खेळला आणि करंडकांचे सामने त्याच्या वर, हे लक्षात घेतलं की पल्ला किती बाकी आहे ते कळतं.

महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या जूनमध्ये देशात नोंदणीकृत महिला खेळाडू ११,७२४ होत्या. २०२४ च्या मार्चमध्ये त्या २७,९३६ झाल्या. तेरा वर्षांखालच्या मुलींसाठी 'अस्मिता' लीग सुरू झाल्याचा यात मोठा वाटा आहे. अव्वल लीगमधल्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला निदान ३ लाख २० हजार रुपयांचा करार करावा, असाही निर्णय झाला. ही रक्कम मोठी नाही. तरी 'खेळून पोट भरतं का?' या घरच्यांच्या प्रश्नाला मुलीकडे प्रथमच काही उत्तर आलं.

२०२२ चे धडे

२०२२ साली महिला फुटबॉल आपल्या दारात आलं होतं. जानेवारी-फेब्रुवारीत आशिया कप मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी केली आणि लगेच संघाला करोनाने गाठलं. चिनी तैपेईविरुद्ध मैदानात उतरवायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि यजमान भारत स्पर्धेबाहेर गेला. ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं, तेव्हा गोकुलमच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. कारभाऱ्यांच्या वादाची शिक्षा त्यांना भोगावी लागली. देशाच्या विजेत्या असूनही एकही सामना न खेळता त्या परतल्या.

ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाला. कर्णधार अस्तम उरांव ही झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. तिच्या सन्मानार्थ गावात रस्ता मंजूर झाला, तेव्हा त्या रस्त्याच्या कामावर तिचे आईवडील मजुरी करत होते. संघात झारखंडच्या सहा मुली होत्या. अमेरिकेने भारताला ८-०, मोरोक्कोने ३-० आणि ब्राझीलने ५-० असं हरवलं. या मुलींना दोष देणं अन्यायाचं ठरेल. शिबिरांत त्यांची तयारी भरपूर झाली होती, पण समोरच्या मुली लहानपणापासून दर आठवड्याला सामने खेळत आलेल्या होत्या. चेंडू मिळण्याआधीच पुढचा पास ठरवण्याची सवय सामन्यांतूनच लागते.

सुरक्षिततेचा प्रश्नही टाळता येणार नाही. त्याच वर्षी या संघाच्या परदेश दौऱ्यात गैरवर्तनाच्या तक्रारीवरून एका सहायक प्रशिक्षकाला काढून टाकावं लागलं. २०२४ मध्ये गोव्यात दुसऱ्या श्रेणीच्या लीगदरम्यान महासंघाच्याच एका सदस्यावर खेळाडूंना मारहाण केल्याचा आरोप झाला, त्याला अटक झाली. आईवडील मुलीला परगावी पाठवतात ते विश्वासावर. प्रत्येक संघासोबत जबाबदार महिला अधिकारी आणि तक्रारीची सोपी, निर्भय व्यवस्था असल्याशिवाय स्पर्धा भरवू नयेत, इतका आग्रह धरायलाच हवा.

चियांग माई आणि पुढे

लीगचे सामने वाढले आणि दोनच वर्षांत त्याचं फळ दिसलं. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडच्या चियांग माई शहरात आशिया कप पात्रतेचा निर्णायक सामना झाला. यजमान थायलंड क्रमवारीत बराच वर. बंगालच्या कल्याणीची मध्यरक्षक संगीता बासफोर हिने २९ व्या मिनिटाला दुरून फटका मारून पहिला गोल केला. मध्यंतरानंतर लगेच थायलंडने बरोबरी साधली, पण ७४ व्या मिनिटाला संगीतानेच दुसरा गोल केला. २-१. पात्रता फेरी जिंकून आशिया कपमध्ये जागा मिळवण्याची भारताची ही पहिलीच वेळ. पुढच्याच महिन्यात वीस वर्षांखालच्या मुलींनी म्यानमारला हरवून आपल्या गटाच्या आशिया कपचं तिकीट काढलं, तब्बल वीस वर्षांनी.

आता महाराष्ट्राकडे वळू. अंधेरी, बालेवाडी, नेरूळ इथली मैदानं जागतिक दर्जाची आहेत, पण तालुक्याच्या गावातल्या बारा वर्षांच्या मुलीला त्यांचा काय उपयोग? तिला शाळेजवळ, एसटीने जाऊन संध्याकाळी परतता येईल अशा अंतरावर सामने हवेत. प्रत्येक तालुक्यात सहा-आठ शाळा मिळून तेरा वर्षांखालच्या मुलींची लीग सहज भरवू शकतात. गोल, पंच, पाणी आणि प्रथमोपचार पेटी एवढ्यावर ती चालते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमींचे सामने होतात तेव्हा हजारो लोक जमतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल यांनी आपापल्या रंगात मुलींचा संघ उतरवला, तर त्या शहराइतका जाणता प्रेक्षक मुलींच्या फुटबॉलला देशात दुसरीकडे क्वचितच मिळेल. गोव्यात तर वाड्यावाड्यावर मैदान आणि क्लब आहेतच. तिथे मुलांच्या प्रत्येक स्पर्धेसोबत मुलींचीही स्पर्धा हा नियम व्हावा. आणि मणिपूरप्रमाणे पोलीस, एसटी, महापालिका यांनी महिला फुटबॉलपटूंसाठी नोकऱ्या राखाव्यात, म्हणजे अठराव्या वर्षी खेळ सोडण्याचं सर्वांत मोठं कारण दूर होईल.

यात अशक्य काही नाही. अलखपुरात एका शिक्षकाने आणि एका चेंडूने सुरुवात झाली होती. जिल्हा परिषदांनी, शाळांनी आणि तालमींनी पुढच्या जून महिन्यात वेळापत्रक छापावं, पावसाळा सरला की सामने सुरू करावेत आणि काहीही झालं तरी ते थांबवू नयेत. असे दहा हंगाम सलग पार पडले, तर जिजाऊंच्या नावाचा करंडक महाराष्ट्रात येण्याची वाट पाहत बसावं लागणार नाही. तो जिंकणाऱ्या मुली तेव्हा तयारच असतील.