कतारचा संत इसहाक आणि आम्ही शुक्रवारवाले

दोह्यात आमचा रविवार शुक्रवारी येतो. आठवड्याची सुटी इथे शुक्रवार-शनिवारची. रविवारी सकाळी अख्खं शहर कामावर. त्यामुळे मिस्सेची खरी गर्दी शुक्रवारी. अबू हामूरच्या पुढे मेसैमीरकडे वळलं की गाड्या मुंगीच्या पावलाने सरकायला लागतात. टॅक्सीवाल्याला ‘चर्च कॉम्प्लेक्स’ एवढं म्हटलं की पुरतं. फाटकावर तपासणी, मग आत एकाच कुंपणात कॅथलिक, अँग्लिकन, ग्रीक, कॉप्टिक, सिरो-मलबार, मलंकारा अशी सगळी भावकी शेजारी शेजारी. फिलिपिनो बायका, केरळचे कुटुंबवाले, गोव्याचे, श्रीलंकेचे, लेबनॉनचे. आम्ही वसईकर त्यांतच कुठेतरी, बहुधा कोंकणी मिस्सेच्या रांगेत.

मी धंद्याने क्वांटिटी सर्व्हेअर. इमारत दिसली की मनात आपोआप दर मांडायला लागतो. आमच्या अवर लेडी ऑफ द रोझरी चर्चकडे त्या नजरेने पाहिलं तर आधी दिसतं ते जे नाही ते: वर क्रूस नाही, मनोरा नाही, घंटा नाही. पसरट छपराची मोठी, साधी वास्तू. नवखा माणूस संमेलनाचं सभागृह समजून पुढे जाईल. अटच तशी होती: आत हवी तशी उपासना करा, बाहेर चिन्ह नको, धर्मप्रसार तर नाहीच; त्याला कायद्याने बंदी आहे. ज्या गावात दर वळणावर रंगवलेला क्रूस असतो तिथून आलेल्याला सुरुवातीला हे खटकतं. मग सवय होते.

2008 च्या आधी हेही नव्हतं. खासगी व्हिलात, नाहीतर एखाद्या शाळेच्या सभागृहात मिस्सा व्हायची. गाड्या एकाच गल्लीत लावू नका, बाहेर घोळका करू नका, गाणी बेताच्या आवाजात, अशा सूचना आधी कानावर पडायच्या. कुणी त्रास दिला असं नाही. पण आपण इथे आहोत आणि नाहीही, असं ते जगणं होतं.

ते बदललं ते वरून. 2002 मध्ये कतार आणि व्हॅटिकन यांच्यात राजनैतिक संबंध जुळले. त्यानंतर आलेल्या देशाच्या कायमस्वरूपी राज्यघटनेत उपासनेच्या स्वातंत्र्याचं कलम आलं, आणि अमीर शेख हमद बिन खलिफा अल थानी यांनी शहराबाहेर चर्चसाठी जमीन दिली. बांधकामाचा खर्च दोन कोटी डॉलरच्या घरात गेल्याचं तेव्हा छापून आलं होतं. तो श्रद्धाळूंनी उभा केला. स्थानिक वर्तमानपत्रांत वादही झाला. काहींनी विरोधात लेख लिहिले, तर कतार विद्यापीठातल्या शरिया विद्याशाखेचे माजी अधिष्ठाता अब्दुल हमीद अल-अन्सारी यांनी उघडपणे चर्चची बाजू घेतली. मुस्लिम धर्मशास्त्राच्या माणसाने ख्रिस्ती उपासनेच्या हक्कासाठी लेखणी उचलली, हे आमच्या लोकांनी लक्षात ठेवायला हवं. आम्ही बहुतेक विसरलो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण मराठी वाचक विचारणारच. नोंदणी झालेली प्रार्थनास्थळं ही ख्रिस्ती पंथांचीच. हिंदूंना अशी जागा अजून नाही. माझ्या मराठी शेजाऱ्यांचे गणपती घरातच बसतात, आरतीला आम्हीही जातो आणि मोदक खाऊन येतो.

मार्च 2008 च्या मध्यावर, झावळ्यांच्या रविवारच्या तोंडावर, चर्चचा अभिषेक झाला. त्यासाठी रोमहून आले कार्डिनल इव्हान डायस. ते जन्माने वांद्र्याचे, मूळ गोव्याच्या घराण्यातले. 1998 मध्ये वसई धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला तेव्हा मुंबईचे आर्चबिशप तेच होते. म्हणजे वसईची वेगळी चूल त्यांच्या कारकिर्दीत पेटली आणि दोह्याचं हे दारही त्यांच्याच हातून उघडलं. हजारो माणसं जमली होती. ज्यांनी वर्षानुवर्षं दबक्या आवाजात गाणी म्हटली ते त्या दिवशी पोटभर गायले.

दुसऱ्या दिवसापासून बातम्यांत एक वाक्य फिरू लागलं: इस्लाम आल्यानंतर कतारमध्ये उभं राहिलेलं हे पहिलं चर्च. मी ते चारचौघांसारखंच वाचलं आणि सोडून दिलं. नंतर डोक्यात आलं, ‘नंतरचं पहिलं’ म्हणतात, म्हणजे आधी काहीतरी होतं. ते काय होतं?

होतं ते असं. ख्रिस्ती सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकापासून अरबस्तानच्या या पूर्व किनाऱ्याला सिरियाक भाषेत ‘बेथ कत्राये’ म्हणत. त्यात आजचं कतार तर येतंच, शिवाय बहरीन आणि सौदी अरेबियाचा लगतचा किनाराही येतो. इथली मंडळी रोमच्या पोपची नव्हती आणि कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाचीही नव्हती. ती ‘पूर्वेची मंडळी’ या इराणी साम्राज्यातल्या धर्मसंघात मोडायची. तिचा प्रमुख, कॅथोलिकोस, टायग्रिसकाठी सेल्युशिया-टेसिफोनला बसायचा. 410 साली तिथे भरलेल्या धर्मसभेच्या कागदांत मश्माहिग नावाच्या बेटाच्या बिशपचा उल्लेख आहे. हे मश्माहिग म्हणजे बहरीनमधलं आजचं समाहीज. गेल्या काही वर्षांत तिथल्या उत्खननात ख्रिस्ती मंडळीची मोठी इमारत सापडली. चौथ्या शतकाच्या मध्यापासून आठव्या शतकापर्यंत ती वापरात होती. सौदीतल्या जुबैलला चर्च सापडलं आहे, अबू धाबीच्या सर बनी यास बेटावर मठ सापडला आहे, आणि 2022 मध्ये उम्म अल कुवेनच्या सिनिया बेटावर आणखी एक मठ मिळाल्याचं जाहीर झालं. यांतले काही इस्लाम आल्यानंतरही नांदते होते. एका रात्रीत कुणी काही पाडलं नाही. वस्ती हळूहळू ओसरली.

सातव्या शतकाच्या मध्यावरचा कॅथोलिकोस इशोयाब तिसरा याची पत्रं शिल्लक आहेत. नवे अरब राज्यकर्ते चर्चना आणि मठांना मान देतात, असं तो त्यांत स्वतःच लिहितो. त्याचं भांडण अरबांशी नव्हतंच, ते स्वतःच्या बिशपांशी होतं. बेथ कत्रायेचे बिशप इराणच्या किनाऱ्यावरच्या रेव्ह-अर्दाशीरच्या मेट्रोपॉलिटनच्या, म्हणजे अनेक बिशपांवरच्या प्रमुखाच्या, हाताखाली होते, आणि तो मेट्रोपॉलिटन कॅथोलिकोसला जुमानत नव्हता. त्याच्या पाठोपाठ कतारचे बिशपही फिरले. पत्रांमागून पत्रं गेली. शेवटी 676 साली पुढचा कॅथोलिकोस गिवार्गिस पहिला स्वतः समुद्रमार्गे आला, याच किनाऱ्यावरच्या दारीनला धर्मसभा भरली, कतारला स्वतंत्र मेट्रोपॉलिटन असल्याचं मान्य झालं आणि नियम ठरले. साइटवर मुख्य कंत्राटदार आणि उपकंत्राटदार यांच्यात अडकलेली माणसं मी रोज पाहतो. ते दारीनचे बिशप मला लगेच ओळखीचे वाटले.

मला अडवलं ते याच पत्रांतल्या एका गोष्टीने. त्याच रेव्ह-अर्दाशीरच्या हाताखाली भारताची मंडळीही होती. भारताकडे तू दुर्लक्ष केलंस, असा ठपका इशोयाब त्या मेट्रोपॉलिटनवर ठेवतो. त्याच्या शंभर वर्षं आधी कोस्मास नावाचा ग्रीक दर्यावर्दी लिहून गेला आहे की ‘कल्लियाना’ला इराणहून नेमलेला बिशप असतो. हे कल्लियाना म्हणजे ठाणे जिल्ह्यातलं कल्याण, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. काहींना ते मान्य नाही. पण 1321 मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा त्या गावात याच पूर्वेच्या मंडळीची पंधरा घरं होती, ही नोंद ओदोरिक या प्रवाशाने केली आहे. आम्हा वसईकरांना लहानपणापासून सांगितलं जातं की आपला धर्म पोर्तुगीजांनी आणला, 1534 नंतर. आमच्या घराण्यांपुरतं ते खरंही असेल. पण आमच्या खाडीच्या पलीकडे त्याच्याही आधी दोनशे वर्षं ख्रिस्ती राहत होते, आणि त्यांचा धागा लिस्बनला जात नव्हता, तो याच आखातातून जात होता.

आता इसहाकबद्दल, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. दारीनची सभा आटोपून परत जाताना गिवार्गिसने बेथ कत्रायेतला इसहाक नावाचा साधू सोबत नेला आणि त्याला निनवेचा, म्हणजे आजच्या मोसूलचा, बिशप केलं. पाच महिन्यांत इसहाकने पद सोडलं. कारण देवाला ठाऊक, एवढंच जुना चरित्रकार म्हणतो. नंतरच्या काळात एक कथा जोडली गेली. पहिल्याच दिवशी सावकार आणि ऋणको त्याच्यापुढे आले. आज पैसे दिले नाहीत तर याला न्यायाधीशाकडे नेतो, असं सावकार म्हणाला. दिलेलं परत मागू नये असं शुभवर्तमान सांगतं, असं इसहाकने समजावलं. सावकार म्हणाला, शुभवर्तमान जरा बाजूला ठेवा. मग इसहाकने विचार केला की ते बाजूला ठेवायचं असेल तर माझं इथे काय काम? कथा आहे, तिच्यावर पैज लावणार नाही. पण माणूस तसाच असावा.

तो खुझिस्तानच्या डोंगरांत निघून गेला, पुढे रब्बान शाबूरच्या मठात राहिला. आठवड्याला तीन भाकऱ्या आणि थोडा भाजीपाला, शिजवलेलं काही नाही. वाचून वाचून दृष्टी गेली. मग तो सांगायचा आणि शिष्य लिहून घ्यायचे. त्याने लिहिलं ते एकांतावर, मौनावर, अश्रूंवर, आणि सगळ्यांत जास्त दयेवर. दयाळू हृदय कसं असतं? ते माणसांसाठी जळतं, पाखरांसाठी, जनावरांसाठी, सत्याच्या वैऱ्यांसाठी आणि सैतानांसाठीसुद्धा. ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुष्टांच्या दुष्टपणाचाच नाश मागितला, दुष्टांचा नाही. त्याच्या सहाशे वर्षं आधी कतारचा हा माणूस त्याच वाटेवर होता. साधकाला तो मोत्यासाठी उघड्या अंगाने समुद्रात उडी घेणाऱ्या पाणबुड्याची उपमा देतो. ही उपमा पुस्तकातून आलेली नाही. या किनाऱ्याचं पोट शतकानुशतकं मोत्यांवर चाललं. अगदी विसाव्या शतकापर्यंत इथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. 1930 च्या दशकात जपानी संवर्धित मोत्यांपुढे तो धंदा बसला.

इसहाक एकटा नव्हता. दादीशो, गब्रिएल, अब्राहाम, अहोब यांच्या नावांपुढेही ‘कत्राया’ लागतं. ध्यानावर आणि उपासनाविधीवर लिहिणारी एक अख्खी पिढीच या किनाऱ्याने दिली. गब्रिएलने ज्या पूर्व-सिरियाक विधीवर भाष्य लिहिलं, त्याच परंपरेतली मिस्सा आमच्या कुंपणातले सिरो-मलबार मल्याळी आजही करतात. त्या अर्थाने इथले खरे वारसदार तेच.

इसहाकचं लेखन फार दूर गेलं. जेरुसलेमजवळच्या मार साबा मठातल्या साधूंनी ते ग्रीकमध्ये नेलं, पुढे अरबी, जॉर्जियन, लॅटिन, स्लाव्ह भाषांत गेलं. दोस्तोयेव्स्कीच्या ‘ब्रदर्स करामाझोव्ह’मधल्या म्हाताऱ्या नोकराकडे इसहाकच्या प्रवचनांचं पुस्तक असतं. त्याच्या लेखनाचा हरवलेला दुसरा भाग सेबॅस्टियन ब्रॉक या अभ्यासकाला 1983 मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात सापडला. कतार विद्यापीठानेही सातव्या शतकातल्या या सिरियाक लेखकांवर संशोधन प्रकल्प चालवला. त्यातून 2014 मध्ये ग्रंथ निघाला. मुस्लिम देशातल्या विद्यापीठाने त्यांना आपले म्हटलं, हे मला फार आवडलं.

मोसूलचा एक संदर्भ मात्र चटका लावतो. दोह्याच्या चर्चचा अभिषेक व्हायच्या जेमतेम आधी, 13 मार्च 2008 रोजी, मोसूलचे अपहरण झालेले कॅल्डियन आर्चबिशप पॉलोस फराज राहो यांचा मृतदेह सापडला होता. इसहाकच्या मायदेशात दार उघडत होतं तेव्हा त्याच्या धर्मप्रांतात ही अवस्था होती.

आणि भांडणं? तीही परतली. आमच्या कुंपणातलं ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च संत इसहाक आणि संत जॉर्ज यांच्या नावाने आहे. 2013 मध्ये जेरुसलेमच्या ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्कने (धर्मप्रमुखाने) कतारसाठी आर्चबिशप नेमला; कतार आमच्या अखत्यारीत, म्हणत अँटिऑकचा पॅट्रिआर्क उठला. प्रकरण इतकं विकोपाला गेलं की दोघांमधला धर्मसंबंध तुटला आणि 2016 च्या क्रीटमधल्या ऑर्थोडॉक्स मंडळींच्या महासभेला अँटिऑकवाले गेलेच नाहीत. इशोयाबला हे वाचून मुळीच आश्चर्य वाटलं नसतं.

इसहाक ज्या मंडळीचा, तिला रोमने पंधराशे वर्षं पाखंडी मानलं. 9 नोव्हेंबर 2024 रोजी पोप फ्रान्सिस यांनी पूर्वेच्या मंडळीचे प्रमुख मार आवा तिसरे यांच्या भेटीत इसहाकचं नाव रोमन संतांच्या यादीत घालत असल्याचं जाहीर केलं. आम्ही कॅथलिक त्याला आता अधिकृतपणे संत म्हणू शकतो.

तरी शुक्रवारच्या गर्दीत दहा जणांना विचारा, नऊ जणांना इसहाक ठाऊक नाही. मुलांच्या धर्मशिक्षणात फ्रान्सिस झेवियर येतो, वसईचा गोन्सालो गार्सिया येतो. पायाखालच्या मातीतला माणूस येत नाही. ही आमची चूक आहे, कतारची नाही. दोह्यात धर्मशिक्षण देणाऱ्या माझ्या वसईकर आणि गोवेकर भावा-बहिणींना विनंती, एक वर्ग इसहाकसाठी ठेवा. आणि मराठीत लिहिणाऱ्या कुणाला हे काम हाती घ्यावंसं वाटलं, तर इसहाकच्या लेखनाचे पहिले दोन भाग इंग्रजीत उपलब्ध आहेत. तेवढ्यावरून सुरुवात करता येईल.