समजुतीला फूटपट्टी

समजा तुमच्या आजोबांचा रक्तदाब वाढला आहे. डॉक्टरांनी मीठ आणि तळलेले पदार्थ कमी करायला बजावले आहे. तरी जेवताना त्यांचा हात लोणच्याच्या बरणीकडे जातोच! "मला काय धाड भरली आहे?" असे वर म्हणतात. त्यांचेही एका परीने खरे. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. पण हृदयाला आणि धमन्यांना इजा करतच असतो. आजोबा हट्टी आहेत म्हणून सोडून देऊ नका. त्यांच्या मनात काही समजूत घर करून बसली आहे. ती मोजता येईल का?

अमेरिकेत १९५० नंतरच्या काळात क्षयरोग हुडकण्यासाठी एक्स-रेच्या गाड्या वस्त्यांजवळ उभ्या राहत. तरी पुष्कळजण तिकडे फिरकत नसत. गॉडफ्रे हॉकबॉम या मानसशास्त्रज्ञाने बाराशेहून अधिक माणसांची पाहणी केली आणि १९५८ साली ती प्रसिद्ध केली. 'क्षय मलाही होऊ शकेल' आणि 'तो लवकर कळण्यात फायदा आहे' असे दोन्ही मानणाऱ्यांपैकी शेकडा ८२ जणांनी स्वतःहून एक्स-रे काढून घेतला होता. दोन्ही न मानणाऱ्यांत हे प्रमाण होते अवघे २१! धोका वाटतो का, उपाय पटतो का, अडचण कसली वाटते, हेच प्रश्न पुढे संशोधक आहाराबद्दलही विचारू लागले.

विचारण्याची रीत रेन्सिस लिकर्ट याने १९३२ साली सुचवली. एक विधान द्यायचे आणि 'पूर्ण सहमत' पासून 'पूर्ण असहमत' पर्यंतच्या पाच पायऱ्यांपैकी एकीवर खूण करायला सांगायचे. पायरीप्रमाणे ५ ते १ गुण. अशी बरीच विधाने देऊन गुणांची बेरीज करतात, कारण एकट्या विधानावर भरवसा ठेवता येत नाही.

आता ही दोन विधाने पाहा. 'मीठ कमी केल्याने माझ्या हृदयाला फायदा होईल.' 'इतकी वर्षे खाल्ले, आता बदलून काय उपयोग?' दुसऱ्याचे गुण उलटे मोजायचे. का बरे? काही माणसे कशालाही मान डोलावतात! दोन्ही ठिकाणी 'पूर्ण सहमत' आले, तर उत्तरे न वाचताच दिली असा संशय घ्यावा. आणखी एक विधान: 'मीठ व तेल कमी करणे मला सोपे वाटते.' ज्याला मीठ सोडणे सोपे पण तेल अवघड, त्याने खूण कुठे करावी? हे विधान बादच करायला हवे.

पंधरा दिवसांनी तीच प्रश्नावली पुन्हा दिली आणि उत्तरे साधारण तशीच आली, तर फूटपट्टी स्थिर आहे म्हणायची. पण रोज दहा मिनिटे पुढे असणारे घड्याळही स्थिरच असते! डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून गोड उत्तरे देणारे कमी नाहीत. म्हणून कधी कधी चोवीस तासांची लघवी गोळा करून तिच्यातले सोडियम मोजतात. खाल्लेल्या सोडियमपैकी सुमारे नऊ दशांश तिच्यावाटे बाहेर पडते, आणि लघवी कुणाची भीड बाळगत नाही.

समजा, आजोबांना गुण भरपूर मिळाले, लोणचेही सुटले, पण सोडियम काही उतरले नाही. मग अडचणींची विधाने पुन्हा चाळावीत. घरात आठ माणसांची आमटी एकाच पातेल्यात शिजते, आणि मीठ आजींच्या अंदाजाने पडते. अशा वेळी प्रश्नावली आजींपुढेही ठेवावी लागते.