दारातल्या गाडीशी पोट्ट्यांचा खेळ. कायदा काय सांगतो?

चंद्रपूर-गडचिरोलीत सुट्ट्या लागल्या की दारात उभी मोटारसायकल म्हणजे पोट्ट्यांचा घोडाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८ नुसार उभ्या वाहनाच्या ब्रेकशी किंवा यंत्रणेशी विनाकारण छेडछाड केल्यास १,००० रुपये दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीआधी तो १०० रुपयांपर्यंत होता. पण ७ वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्याने गुन्हाच ठरत नाही. तेव्हा पोलिसांत जाण्यापेक्षा शेजारच्या काकूंशी बोललेलं बरं.

खरा धोका लेकरालाच. साइड स्टँडवरची शंभरेक किलोंची गाडी अंगावर कलंडते, तापलेला सायलेन्सर पोटरी भाजतो. म्हणून डबल स्टँड, हँडल लॉक, किल्ली खिशात.

सकाळी गाडी सुरू होईना? मेकॅनिकला फोन करण्याआधी किल स्विच बघा. मोहर्लीच्या जंगल रस्त्याला लागण्याआधी ब्रेकही दाबून पाहा.