गौर येते ती आईकडे

भाद्रपद उजाडला, गणराय मखरात विराजमान झाले, की घरोघरी दुसऱ्या पाहुणीच्या वाटेकडे डोळे लागतात. गणपती हा देव. त्याच्यापुढे हात जोडून उभे राहावे. गौर मात्र घरची लेक. ती येते ती तीन दिवसांच्या माहेरपणाला. अनुराधा नक्षत्रावर तिचे आवाहन होते, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. ज्येष्ठा नक्षत्रावर पुजली जाते म्हणून ती ज्येष्ठागौरी. विदर्भ-मराठवाड्यात तिलाच महालक्ष्म्या म्हणतात. कोठे पितळेचे वा शाडूचे मुखवटे, कोठे तेरड्याची रोपे, तर कोठे पाणवठ्यावरून आणलेले पाच किंवा सात खडे. रूप कोणतेही असो, भाव एकच असतो, की लेक घरी आली.

हा भाव आम्हांला कोणत्या पोथीतून कळला नाही. तो कळला आमच्या आजीमुळे. तिला जाऊन आज चार तपांच्या घरात काळ लोटला. परंतु गौरी येण्याचा दिवस आला, की आमच्या मनात पहिली आठवण येते ती तिचीच.

आमचे बालपण वाईस गेले. कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर आमचा जुना वाडा होता. भाद्रपदात कृष्णामाई दुथडी भरून वाहे. धोमचे धरण तेव्हा झालेले नव्हते. एखाद्या वर्षी पाणी घाटाच्या पायऱ्या चढून ढोल्या गणपतीच्या देवळाला भिडे आणि मागच्या माशाच्या आकाराच्या भिंतीवर दुभंगून पुढे निघून जाई. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली हे देऊळ बांधले, तेव्हाच पुराचा जोर मोडावा म्हणून भिंतीला असा आकार दिला, असे आजी सांगे. आम्ही भावंडे तिचा पदर धरून घाटावर उभे राहत असू आणि ते तांबूस पाणी डोळे विस्फारून पाहत असू.

गौरींची तयारी आजी उन्हाळ्यापासूनच करी. वैशाखाच्या उन्हात ओसरीवर बसून ती खिरीसाठी गव्हले वळी. तिच्या बोटांच्या चिमटीतून तांदळाएवढे गव्हले परातीत भराभर पडत, आणि आमच्या हातून एखादा शेंगदाण्याएवढा झाला तर ती हसून म्हणे, "असू दे. गौरीला कळेल, हा कोणी केला ते." श्रावणात वाती होत. मग सोळा पदरी सूत, त्याला सोळा गाठी, आणि ते हळदीत रंगवणे. मुखवटे चिंचेने घासून लखलखीत करणे हे काम मात्र आमचे. गौरी जेवण्याच्या दिवशी पहाटे आजी सोवळ्यात पाट्यावर पुरण वाटायला बसे. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आरतीसाठी पुरणाचे सोळा दिवे, हे सारे तिच्या देखरेखीखाली होई. नैवेद्य दाखवीपर्यंत जिभेवर काही ठेवायचे नाही हा तिचा दंडक होता.

एका वर्षी आमच्या धाकट्या भावाने गौरीपुढच्या फुलोऱ्यातला कानवला हळूच लांबवला. मोठ्यांचा हात उगारला गेला, तोच आजी मध्ये पडली. त्याला जवळ घेऊन म्हणाली, "अरे, गौर म्हणजे तुमची आत्याच की! आत्या माहेरी आली म्हणजे भाच्यांना खाऊ देतेच. पण तो मागून घ्यावा, चोरून घेऊ नये." तेव्हापासून आम्ही दरवर्षी गौरीसमोर उभे राहून मोठ्याने खाऊ मागत असू, आणि आजी आतून म्हणे, "दिला हो तिने, घ्या."

आजी "आतून" म्हणे, हे येथे मुद्दाम लिहिले आहे.

गौरी उंबऱ्याशी येत तेव्हा दारापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावले उमटलेली असत. आमची आई थोरली गौर हाती घेई. धाकटी शेजारची एखादी सवाष्ण घेई. ताट वाजू लागे. गौरीला घर दाखवायचे, धान्याची कोठी दाखवायची, स्वयंपाकघर दाखवायचे, अशी ती मिरवणूक घरभर फिरे. त्या सगळ्या गडबडीत आजी कोठेही दिसत नसे. जिच्या हातांनी तो सोहळा उभा केला, ती चुलीपाशी भिंतीला पाठ लावून, पदर सावरून उभी असे. गौर स्वयंपाकघरात येई तेव्हाच काय ती तिची लेकीशी गाठ पडे. ती दुरून हात जोडी, आणि मिरवणूक पुढे गेली की पुन्हा भाकरी थापायला बसे.

आजोबा गेले तेव्हा आजीचे वय अवघे चौतीस वर्षांचे होते. आम्ही तिला पाहिले ते पांढऱ्या कपाळानेच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हळदीकुंकवाला वाईतल्या कितीतरी बायका येत, झिम्मा-फुगड्या रंगत. त्या वेळी आजी माजघराच्या दारामागे बसून ओट्या भरण्याचे साहित्य एकेक करून बाहेर देत असे. "आजी, तू का बाहेर येत नाहीस?" असे आम्ही एकदा विचारले. ती म्हणाली, "मला इथून सगळे दिसते." आम्हांला ते पटले, कारण आम्ही लहान होतो.

पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालचा. अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची संस्था १८९६ साली काढली. आजीचा जन्म त्यानंतरचा. म्हणजे बाहेरचे जग तिच्या जन्माआधीच हलू लागले होते. परंतु कायद्याला आणि आश्रमाला घरातल्या देवघराचा उंबरा ओलांडता येत नाही. तो घरच्या माणसांनीच ओलांडावा लागतो.

आमच्या घरी तो ओलांडला गेला १९६८ च्या भाद्रपदात. आदल्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला होता, त्यामुळे ते वर्ष आमच्या पक्के लक्षात आहे. त्या फाल्गुनात आत्याच्या यजमानांना देवाज्ञा झाली. आत्या एकोणतीस वर्षांची होती. चार वर्षांच्या लेकीला घेऊन ती माहेरी आली. आमची हसरी आत्या पार बदलून गेली होती. ती सावलीसारखी घरात वावरे.

गौरी येण्याच्या संध्याकाळी दारात ताट वाजू लागले तेव्हा आत्या मुकाट्याने उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन चुलीपाशी, आजीच्या नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसली. तिला कोणी तसे सांगितले नव्हते. सांगण्याची गरजच नव्हती. तिने लहानपणापासून आईला तेथेच पाहिले होते.

आजी तव्यावर भाकरी टाकीत होती. तिने मान वळवून लेकीकडे पाहिले. आम्ही दारात उभे होतो. आजीने तवा खाली उतरवला, हात धुतले, आत्याचा हात धरला आणि तिला ओढतच बाहेर, थेट उंबऱ्यापाशी आणले. सारे स्तब्ध झाले. शेजारच्या एक वयोवृद्ध बाई म्हणाल्या, "अहो, हे काय करता? गौर दारात आहे. शकुनाची वेळ आहे."

आजी म्हणाली, "गौर कोणाकडे येते हो? आईकडे येते. ही पण माझी गौरच आहे. एका लेकीला दारात ओवाळायचे आणि दुसरीला चुलीपाशी बसवायचे, हे मला जमायचे नाही."

"पण रूढी काही आहे की नाही?"

आजी क्षणभर थांबली. मग शांतपणे म्हणाली, "काशीला जाऊन आलात ना तुम्ही? विश्वेश्वराचे देऊळ कोणी उभे केले? अहिल्याबाईंनी. त्या कोण होत्या? त्यांच्या हातचे देऊळ विश्वेश्वराला चालले. माझ्या लेकीचे हात गौरीला नाही चालणार?"

इतिहास आजीच्या बाजूला होता. अहिल्याबाई होळकरांचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. काशी विश्वेश्वराचे मंदिर त्यांनी उभारले ते त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी. जिजाऊसाहेबांचेही तसेच. शहाजीराजे १६६४ साली निवर्तले, आणि दहा वर्षांनी, १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तो त्या माउलीच्या आशीर्वादाने. महाराष्ट्राच्या सर्वांत मंगल क्षणी जिचा आशीर्वाद घेतला गेला, तिच्या आशीर्वादाला अशुभ म्हणण्याची कोणाची छाती आहे?

आजीने धाकटी गौर उचलून आत्याच्या हाती दिली. आत्याचे हात थरथरत होते. आणि मग, आमच्या आईने, जिचा आवाज सासूपुढे कधी चढला नव्हता, ती थोरली गौर छातीशी धरून उंबऱ्यावरच थांबली. म्हणाली, "आई, ओवाळा ना तुम्ही. तुम्ही ओवाळल्याशिवाय गौर आत यायची नाही."

लेकीसाठी क्षणात धीट झालेली आजी स्वतःची वेळ आली तेव्हा गडबडली. "अगं, मी कशी?" एवढेच ती पुटपुटली. आईने पाऊल पुढे टाकले नाही. शेवटी आमच्या वडिलांनीच निरांजनाचे ताट आजीच्या हाती दिले आणि स्वतः घंटा वाजवू लागले. तीस वर्षांनी आजीने आपल्या दारात आलेल्या गौरीला ओवाळले. तिचे डोळे भरून आले होते. मुखवट्याचा चेहरा तिला धड दिसला असेल की नाही, कोण जाणे.

ही गोष्ट येथेच गोड संपली असे मात्र नाही. दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला जेथे अंगण भरून जाई, तेथे जेमतेम डझनभर बायका आल्या. आत्या रडू लागली. "माझ्यामुळे झाले हे," म्हणाली. घराच्या नावाची काळजी आजीलाही होतीच. त्या रात्री ती बराच वेळ देवापुढे बसून होती. पण सकाळी उठून तिने पुरणपोळ्यांचे पुडे बांधले आणि आम्हां मुलांना प्रत्येक घरी धाडले. "आल्या त्यांचे भले होवो. नाही आल्या त्यांचा प्रसाद आपण पोहोचवायचा. गौर काही कोणावर रुसून जात नाही." त्या वयोवृद्ध बाईंनी पुडा घेतला, कपाळाला लावला, बोलल्या काहीच नाहीत. पुढे दोन वर्षांनी त्या आपल्या पायांनी आल्या आणि आजीच्या शेजारी बसल्या. मग अंगण पुन्हा भरू लागले.

स्वतः आजीने अखेरपर्यंत कपाळाला कुंकू लावले नाही. आत्याने मात्र पुढच्या वर्षीपासून लावले, ते आजीच्याच आग्रहाने. "माझी सवय आता मोडायची नाही," आजी म्हणे, "पण तिला ती सवय लागू देऊ नका." शास्त्रार्थ करण्याचा तिचा पिंड नव्हता. तिने एकच ओळखले होते: आपण सोसले म्हणून लेकीनेही सोसावे, हा धर्म नव्हे.

१९८१ च्या मार्गशीर्षात आजी गेली. त्या भाद्रपदातले गौरींचे विसर्जन तिने घाटाच्या वरच्या पायरीवर बसून पाहिले होते. नेहमीप्रमाणे आम्ही नदीची मूठभर वाळू घरी आणली, तेव्हा ती तिने स्वतःच्या हाताने घरभर टाकली, थोडी तुळशीपाशी ठेवली. "लेक गेली तरी तिचे पाऊल घरात राहावे," असे ती म्हणे. आज तिचेच पाऊल आमच्या घरात राहिले आहे.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. ते वृत्त आम्ही आत्याला वाचून दाखवले. आत्याने आता पंचाऐंशी ओलांडली आहे. ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आईने ठराव न करताच केले ते."

आमच्या घरी आजही धाकटी गौर आत घेण्याचा मान आत्याचाच. उभे राहणे आता तिला जमत नाही. ती उंबऱ्याजवळ खुर्चीवर बसते, मुखवटा मांडीवर घेते, त्याच्या गालांवरून हात फिरवते आणि मग नातसुनेच्या हाती देते. भाकरी थापायला कोणी एकटी आत राहत नाही. ताट वाजू लागले की चूल बंद करून सगळ्याच बाहेर येतात.

वाचकहो, यंदा आपल्या दारी गौर येईल तेव्हा तिला घर दाखवताना आपणही स्वयंपाकघरात जरा नीट पाहावे. तेथे भिंतीला टेकून कोणी आजी, आत्या, मावशी, वहिनी बसली असेल, तर तिचा हात धरून तिला उंबऱ्यापाशी आणावे. माहेरी आलेल्या लेकीची नजर आधी आईलाच शोधते. ती आई दारात दिसली, म्हणजे गौरीचे माहेरपण पुरे झाले.

ज्येष्ठा-कनिष्ठा आपणां सर्वांच्या घरी सुखासमाधानाने येवोत, आणि घरातल्या प्रत्येकीच्या हातची पूजा त्यांना पावो.