सामारीना

सामारीना : उत्तर ग्रीसमधील पिंडस पर्वतश्रेणीतील व्ह्‌लाख (आरोमानी) लोकांचे गाव. ग्रेव्हेना विभागात, स्मोलिकास पर्वताच्या (२,६३७ मी.) उतारावर ते सु. १,४५० मी. उंचीवर वसले असून देशातील अतिउंच गावांत त्याची गणना होते. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या चारशेहून कमी भरली. तथापि या गावाबाबत असा एकच आकडा फसवा ठरतो. येथील मेंढपाळ व खेचरवाले पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळा गावात आणि हिवाळा मुख्यतः थेसलीच्या मैदानात काढीत. आजही ऑगस्टमध्ये गजबजणारे गाव बर्फ पडू लागताच जवळजवळ ओस पडते.

थेसलीचा बहुतेक भाग १८८१ मध्ये ग्रीसला मिळाला. सामारीना मात्र १९१२ पर्यंत ऑटोमन साम्राज्यात राहिले. परिणामी सु. तीस वर्षे कळपांना वर्षातून दोनदा राष्ट्रसीमा ओलांडावी लागे. वेस व टॉम्पसन या ब्रिटिश अभ्यासकांनी याच काळात तांड्यांबरोबर प्रवास करून द नोमॅड्स ऑफ द बाल्कन्स (१९१४) हा ग्रंथ लिहिला. १९२२ नंतर मैदानातील मोठ्या जमीनदाऱ्या निर्वासितांना व भूमिहीनांना वाटण्यात आल्या, चराऊ राने नांगराखाली गेली आणि मेंढपाळीचा कणाच मोडला. दुसरे महायुद्ध व यादवी युद्ध (१९४६–४९) यांतही गावाची हानी झाली.

घरोघरची आरोमानी ही लॅटिनोद्‌भव भाषा ग्रीकपुढे मागे पडत आहे. मोठ्या पानाग्या चर्चच्या छपरावर उगवलेला पाइन वृक्ष प्रसिद्ध असून तेथील १५ ऑगस्टच्या उत्सवास मैदानी शहरांत स्थायिक झालेली कुटुंबे आवर्जून येतात.