मैलांचा हिशेब

आमच्या रत्नागिरीकडच्या मोहल्ल्यांत घरटी एखादा माणूस आखाती देशात असतोच. माझा धाकटा भाऊही तिकडे वीस वर्षे होता. रजा संपवून निघाला की अम्मी त्याला आंब्याची साठे बांधून द्यायची आणि विमानतळावरच्या काट्यापाशी त्यातली निम्मी परत यायची. एकदा मी म्हटले, "अरे, तुझ्याकडे विमान कंपनीचे कार्ड आहे ना?" तो हसला. "भाईजान, मैल साठले होते. मुदत संपली, गेले."

हे मैल म्हणजे काय, ते मग मी समजून घेतले. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने नेहमीच्या प्रवाशाला बांधून ठेवण्यासाठी अशी योजना काढली आणि पाठोपाठ इतरांनीही काढल्या. या योजनेत दोन वह्या असतात. पहिलीत खर्चायचे मैल. त्यांतून तिकीट मिळते. दुसरीत मानाची पायरी. ती ठरावीक काळात केलेल्या प्रवासावर ठरते, आणि प्रवास थांबला की खाली येते.

एमिरेट्सच्या 'स्कायवर्ड्स'मध्ये पायरीसाठी वेगळे मैल मोजतात. सिल्व्हरला २५,००० लागतात, तर गोल्डला ५०,०००. वजनावर सामान नेतात त्या मार्गांवर सिल्व्हरवाल्याला १२ किलो आणि गोल्डवाल्याला १६ किलो जादा नेता येते. एअर इंडियाच्या 'महाराजा क्लब'मध्ये गुण मिळतात ते भाड्याच्या रुपयांवर. मात्र तिथल्या गोल्डला 'स्टार अलायन्स' या कंपन्यांच्या संघातही मान आहे. लुफ्तान्सा किंवा सिंगापूर एअरलाइन्सने गेलात तरी लाउंज मिळते, सामानाची सवलत मिळते. एमिरेट्स अशा कोणत्याही मोठ्या संघात नाही. म्हणून सतत दुबईला जाणाऱ्याला पहिले कार्ड सोयीचे, तर विमाने बदलत युरोप-अमेरिकेला जाणाऱ्याला दुसरे.

पण मुळातली गोष्ट वेगळीच आहे. स्वस्त तिकिटावर मैलही थोडेच पडतात. कचेरीच्या पैशाने महिन्यातून दोनदा उडणारा साहेब भराभर पायऱ्या चढतो. दोन वर्षांतून एकदा, स्वतःच्या कमाईतून सर्वांत स्वस्त तिकीट काढणारा कामगार जन्मभर पहिल्याच पायरीवर राहतो. ज्याला जादा किलोंची खरी गरज, त्यालाच ते मिळत नाहीत.

मग त्याने काय करावे? कार्ड फुकट असते, ते घ्यावे. तिकीट काढतानाच सभासद क्रमांक लिहावा. घरच्यांचे मैल एका खात्यात जमवायची सोय असेल तर ती वापरावी. मुदत वहीत टिपून ठेवावी आणि मैल साठवत न बसता खर्चून टाकावेत. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट २०१९ मध्ये. कंपनी कायम राहील याचा भरवसा नाही. आणि पायरीच्या मोहाने महाग तिकीट मात्र घेऊ नये. त्याआधी कोणत्या तिकिटात किती किलो सामान नेता येते, ते पाहावे.

आता पुतण्या तिकडे आहे. मागच्या रजेत त्याने भाड्याबरोबर किलोही ताडून पाहिले आणि तिकीट काढले. साठे सगळी गेली. ती बांधायला अम्मी मात्र आता नाही.