आखाती देशांत उन्हाळी सहल : मुलांच्या दृष्टीने तापमानाइतकीच आर्द्रता महत्त्वाची

नवी दिल्ली : शाळांना उन्हाळी सुटी लागताच अनेक भारतीय कुटुंबे दुबई, अबू धाबीकडे वळतात. मुंबईहून विमानप्रवास जेमतेम तीन-साडेतीन तासांचा असतो आणि या काळात तेथील हॉटेलांचे दरही उतरलेले असतात. दर उतरण्याचे मुख्य कारण तेथील कडक उन्हाळा हेच आहे. त्यामुळे सोबत लहान मूल असल्यास सहलीची आखणी करताना पहिला विचार हवामानाचा करणे आवश्यक ठरते.

नागपूर किंवा दिल्लीच्या ४५ अंशांची सवय असलेल्यांना तेथील ४२ अंश सुसह्य वाटण्याची शक्यता असते. मात्र, दोन्ही ठिकाणच्या उष्णतेत फरक आहे. विदर्भातील कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो आणि वाळताना शरीर थंड करतो. पर्शियन आखात उथळ असल्याने त्याचे पाणी उन्हाळ्यात तापते, किनाऱ्यावरील हवा दमट होते आणि घाम सहजी वाळत नाही. लहान मुलांना घाम कमी येतो. शिवाय वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचा पृष्ठभाग अधिक असल्याने बाहेरची उष्णता ती लवकर शोषतात. तान्ह्या मुलांना तर तहान लागल्याचे सांगताही येत नाही.

संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास मनाई असते. पर्यटकांना हा नियम लागू नसला, तरी त्यातून दुपारच्या उन्हाची तीव्रता लक्षात येते. तेथील घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे. त्यामुळे घरी साडेसहाला उठणारे मूल तेथे पाचलाच जागे होते. समुद्रकिनाऱ्यासाठी हीच वेळ योग्य असून, दुपार मत्स्यालय, संग्रहालय किंवा विश्रांतीसाठी राखावी. वातानुकूलित दालनांत गारठा असतो, म्हणून अंगावर घालायला एखादा जाडसर कपडा जवळ असावा.

तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पारपत्र लागते आणि त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी लागते. खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन तेथे नियंत्रित पदार्थ असल्याने मुलांच्या औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी बाळगावी. खसखशीवर बंदी असल्याने प्रवासात मुलांच्या खाऊसाठी अनारसे नेणे टाळावे. मोटार भाड्याने घेताना बालआसनाची मागणी आधीच नोंदवावी आणि उभ्या मोटारीत मुलाला क्षणभरही एकटे ठेवू नये.

सहा महिन्यांखालील बाळाला पाणी न देता अधिक वेळा स्तनपान करावे. मोठ्या मुलांना थोड्या थोड्या वेळाने पाणी पाजावे. लघवी कमी होणे, रडताना अश्रू न येणे, तोंड कोरडे पडणे ही शरीरातील पाणी कमी झाल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी पाकिटावरील सूचनेनुसार तयार केलेली जलसंजीवनी द्यावी. अंग तापलेले असून मूल गुंगीत गेले, तर उष्माघाताची शक्यता असते. त्याला सावलीत नेऊन ओल्या कापडाने अंग पुसावे, वारा घालावा आणि ९९८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या मुलाला तोंडाने काहीही पाजू नये.